पाथरीचे राजे, धारूरचा किल्ला

परभणीचा माणूस सुट्टीत किल्ला बघायला निघाला की गाडीचं तोंड आपसूक दौलताबादकडं वळतं, नाहीतर थेट पुण्या-साताऱ्याकडं. आपल्या भागात राजे होऊन गेले असतील असं आम्हालाच कधी वाटत नाही. राजा कायम दुसऱ्या गावी. पैठणला, देवगिरीला, बिदरला, नगरला, आणि शेवटी हैदराबादला. आमच्याकडं त्याची वसूल करणारी माणसं तेवढी यायची.

यंदा दिवाळीला धाकटा भाऊ पुण्याहून सहकुटुंब आला. त्याचा मुलगा सातवीत आहे. बापाबरोबर सिंहगड, तोरणा, राजगड पायाखाली घातलेला, दिवाळीत सोसायटीच्या अंगणात मातीचा किल्ला करणारा. फराळाला बसल्यावर त्यानं विचारलं, "काका, परभणीचा राजा कोण होता?" मी म्हणालो, "परभणीचं माहीत नाही, पण पाथरीचा होता. नगरची निजामशाही मूळची आपल्या पाथरीची." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "निजामाचं कौतुक पोरांना कशाला सांगालास सणासुदीला?"

आईचं चूक नव्हतं. तिच्या वडिलांनी रझाकारांच्या दिवसांत लेकराबाळांसकट घर सोडून वऱ्हाडात आसरा घेतला होता. त्या गोष्टी ऐकत ती मोठी झाली. आमच्याकडं निजाम म्हटलं की एकच निजाम, हैदराबादचा, १७ सप्टेंबर १९४८ ला ज्याची सत्ता संपली तो. नगरचे निजामशहा वेगळे. त्यांचं राज्य १४९० ला सुरू झालं आणि १६३६ ला बुडालं. हैदराबादचं घराणं आलं १७२४ ला, म्हणजे मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेलेली, आणि दोघांचा रक्ताचा काडीचा संबंध नाही. पण हे मराठवाड्यात शिकलेल्या माणसांनाही समजावून सांगावं लागतं. शाळेत आम्हाला मुक्तिसंग्राम शिकवला आणि शिवकाल शिकवला. अलीकडचं-पलीकडचं सगळं एका निजामाच्या पोत्यात भरून ठेवलं.

तर ठरलं असं, की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. पाथरीवरून माजलगाव, तिथून धारूरचा किल्ला, अंबाजोगाई, आणि परळी-गंगाखेडवरून रात्री घरी. अंबाजोगाई आईमुळं. "किल्ला तुमचा, योगेश्वरी माझी," असा तिचा करार. वहिनीनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. पुतण्यानं ट्रेकिंगचे बूट घातले.

मानवतपर्यंत दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. वेचणीला बायका नुकत्याच उतरत होत्या. सोयाबीन निघून गेलेल्या रानात ढेकळं वर आलेली. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे, कल्याणहून निघून नगरवरून पाथरी, परभणी, नांदेड करत निर्मलला जाणारा. म्हणजे ज्याच्या वंशातून ती निजामशाही निघाली त्या पाथरीच्या कुलकर्ण्याला आज नगरला आपलं राज्य बघायला जायचं असेल तर वळण घ्यायची गरज नाही, नाकासमोर जायचं.

पाथरीत चहाला थांबलो. गावात बाहेरून येणारी माणसं साईबाबांच्या मंदिराला येतात. बाबांचा जन्म पाथरीचा, असं इथले लोक मानतात. शिर्डीला ते मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले तेव्हा शिर्डीत बंद पाळला गेला होता. चहावाल्याला विचारलं, निजामशाहीचं मूळ गाव हेच ना, म्हणून. तो म्हणाला, "साहेब, मंदिर सरळ जाऊन डाव्या हाताला." चूक त्याचीही नाही. दिवसभर त्याला तेवढंच विचारतात.

मंदिरात दर्शन घेऊन गाडीत बसल्यावर मुलांना गोष्ट सांगितली. सांगणारा मूळचा फरिश्ता. हा इराणकडचा माणूस आधी नगरच्या दरबारी होता, मग विजापूरला गेला आणि तिथं त्यानं दख्खनच्या सुलतानांचा इतिहास फारसीत लिहिला. तो म्हणतो, पाथरीच्या कुलकर्ण्यांचं एक घर गाव सोडून विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिलं होतं. त्या घरातल्या भैरव नावाच्या माणसाचा मुलगा तिमाप्पा. अहमदशहा बहमनीच्या स्वारीत तो पोर वयात कैद झाला, बिदरला आला, मुसलमान झाला, त्याचं नाव पडलं मलिक हसन. शाहजाद्याच्या बरोबरीनं शिकला. हुशार होता, वर चढत गेला. फार सात्त्विक माणूस होता असं मात्र नाही. महमूद गावानसारखा वजीर १४८१ ला खोट्या पत्रावरून मारला गेला, त्या कटात हसनचा हात होता. पुढं पाच वर्षांनी हसनचाही बिदरला खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद. यानं १४९० ला बहमनी फौज हरवून स्वतःचं राज्य मांडलं आणि नगर शहर वसवलं.

आई पुढच्या सीटवर होती. इतका वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "त्या पोराच्या माईनं काय केलं असंल?" कोणी काही बोललं नाही. फरिश्त्याला वजीर आणि फौजा यांच्यापलीकडं फारसं दिसत नाही.

गोष्टीचा खरा मासला पुढं आहे. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला, तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडं होती. नगरच्या दरबारात पाथरीचे ब्राह्मण नातलग येऊन चाकरीला लागले होते, आणि बापजाद्यांचं गाव आपल्या राज्यात नाही ही गोष्ट बुऱ्हाणला टोचत होती. त्यानं इमादशहाला निरोप धाडला, पाथरी मला दे, तिच्याहून जास्त वसुलीचा दुसरा मुलूख घे. इमादशहा नाही म्हणाला आणि त्यानं पाथरीची तटबंदी पक्की करायला घेतली. मग १५१८ ला बुऱ्हाणनं चाल करून गाव घेतलं आणि त्या ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकलं. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणं अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडं राहिलं. गंमत अशी, की इमादशाहीचा मूळपुरुष फतहउल्ला हाही विजयनगरकडून कैद होऊन आलेला ब्राह्मणाचाच पोर. दोन सुलतान पाथरीवरून भांडत होते, पण भांडणाची जात आमच्याकडच्या बांधाच्या भांडणाची. मोबदला दुप्पट देतो म्हटलं तरी सोडायचं नाही, कारण प्रश्न उत्पन्नाचा नसतोच.

"म्हणजे चांदबिबी पाथरीची?" पुतणीनं विचारलं. तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात चांदबिबीचं काम मिळालं होतं. हिशोब मांडून दाखवला. चांदबिबीचा बाप हुसेन, आजा बुऱ्हाण, पणजा अहमद, खापरपणजा मलिक हसन, म्हणजेच तिमाप्पा. पुतण्याला अजून एक धागा दिला. निजामशाही बुडत असताना शहाजीराजांनी पेमगिरीवर ज्या लहान मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार चालवला, तो मूर्तजा याच घराण्यातला. हे ऐकून तो एकदम सरळ बसला. मग हेही सांगितलं, की लखुजी जाधवरावांना, म्हणजे जिजाऊंच्या वडिलांना, १६२९ ला दौलताबादला दगा करून मारलं ते निजामशाहीच्याच दरबारात. तो पुन्हा मागं रेलला. इतिहासात आपला कोण आणि परका कोण हे बाराव्या वर्षी फार स्पष्ट हवं असतं. चाळिशीतल्या त्याच्या बापालाही तसंच हवं होतं, असं मला आरशात दिसलं.

ढालेगावला गोदावरी ओलांडली. बंधाऱ्यामुळं पात्रात पाणी होतं. मुलांनी फोटो काढले. पलीकडं बीड जिल्हा. माजलगाव आलं, गेलं.

तेलगाव सोडलं आणि रस्त्याचा रंग बदलला. समोरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर येऊ लागले. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा इकडची गावंच्या गावं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं कारखान्यांना जातात. इथं हिशोब माणसात होत नाही, कोयत्यात होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती हंगामभर फेडायची. घाटाच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि घाट अरुंद म्हणून गाड्या खोळंबल्या. पुतणी खाली उतरून बघत राहिली. ट्रॉलीत खाली ज्वारीची पोती, त्यावर कोपीसाठी बांबू आणि गुंडाळलेल्या चटया, वर गोधड्या, पत्र्याची पेटी, लोखंडी चूल, एक कुत्रं, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या माथ्यावर चार-पाच लेकरं. एकाच्या हातात दिवाळीतली फुलबाजीची काडी होती, जळून गेलेली. वहिनीनं चकल्यांचा डबा वर दिला. लेकरांच्या आईनं आधी खालून हाक मारून नवऱ्याला विचारलं, मगच घेतला. कुठल्या कारखान्याला, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मुकादमाला ठाव."

धारूरचा घाट चढला की चढण संपते. हे पुतण्याला झेपेना. गाव बालाघाटच्या माथ्यावर, आणि किल्ला गावाच्या पश्चिमेला त्याच सपाटीवर. गल्लीतून गाडी नेली ती जवळजवळ दरवाज्याशीच जाऊन थांबली. "चढायचं कुठं?" तो म्हणाला. मी म्हणालो, तू घाटात चढलास तेच. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्याला हा किल्ला समजायला तटावर जाऊन पलीकडं वाकून बघावं लागतं. तीन बाजूंना जमीन तुटून खोल दऱ्या, खाली झाडी. फक्त गावाकडच्या एका बाजूनं सपाटी जोडलेली. मग सगळं बांधकाम त्या एका बाजूला ओतलं. खंदक, दुहेरी तट, बुरूज, एकामागं एक दरवाजे. निसर्गानं तीन चतुर्थांश काम केलेलं, माणसानं एक चतुर्थांश. पण माणसानं आपला हिस्सा मन लावून केला आहे.

पावसाळ्यानंतरचं गवत कमरेएवढं होतं. आत गेलो की कुसळं पायमोज्यात. वाडे-महालांची अपेक्षा ठेवून येणाऱ्यानं येऊ नये, आत इमारती फारशा उरलेल्या नाहीत. पाण्याच्या जागा मात्र आहेत. इथले लोक त्यांना गोडी दिंडी आणि खारी दिंडी म्हणतात. दुष्काळी मुलखातल्या किल्ल्याचं मर्म तेच. तटावर एका जागी मी बराच वेळ थांबलो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात सीताफळाचं झाड उगवलं होतं, मनगटाएवढ्या खोडाचं. मुळानं वरचा चिरा बोटभर उचलून बाहेर ढकललेला, आत चुन्याचा पांढरा थर उघडा पडलेला. झाडाला फळं लागली होती, डोळे उघडलेली, एक पाखरांनी फोडलेलं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय त्याचं कौतुक मलाही आहे, पण ते झाड काढलं नाही तर आणखी काही वर्षांत तो चिरा खाली जाणार, हे सांगायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

किल्ल्याची गोष्ट तटावर बसूनच सांगितली, धपाटे खाता खाता. तालिकोटची लढाई १५६५ ची. विजयनगर बुडवायला नगर आणि विजापूर एक झाले होते, आणि त्या सोयरिकीत नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली होती. शत्रू संपला, दोनच वर्षांत व्याही व्याह्याच्या जिवावर उठले. नगरला तेव्हा मूर्तजा निजामशहा, चांदबिबीचा भाऊ, लहान वयाचा, आणि कारभार आईच्या हातात. ही संधी साधून आदिलशहाचा सरदार किश्वरखान निजामशाही मुलखात घुसला आणि १५६७ च्या सुमारास त्यानं इथं हा किल्ला उभा केला. आसपासचा महसूल गोळा करू लागला. मूर्तजानं १५६९ ला आईला बाजूला केलं आणि तडक धारूरवर आला. फरिश्ता लिहितो, वाटेत त्याला किश्वरखानाचं पत्र मिळालं, अपमानाचं. मूर्तजानं घोड्यावर मांड टाकली आणि शपथ घेतली, किल्ल्यात शिरल्याशिवाय उतरणार नाही. सरदारांनी विनवलं, तोफा येऊ द्या, निदान चिलखत घाला. ऐकलं नाही. तटावरून बाणांचा आणि गोळ्यांचा वर्षाव चालू होता तो एकाएकी थांबला. आत शिरून बघतात तर शुकशुकाट. किश्वरखान बाण लागून मरून पडला होता आणि त्याची माणसं मागल्या बाजूनं निघून गेली होती.

"म्हणजे भावानं बहिणीच्या नवऱ्याचा किल्ला घेतला," पुतणी म्हणाली. तिनं आदल्याच दिवशी भावाला ओवाळून त्याच्याकडून तीनशे रुपये काढले होते. "मग भाऊबीजेला ती गेली का माहेरी?" आमच्या वहिनीला हसू आवरेना. खरं म्हणजे चांदबिबी माहेरी आली ती नवरा गेल्यानंतर, पुढं बऱ्याच वर्षांनी. आणि आली ती नगरचा किल्ला मोगलांपासून लढवायला. पडलेली भिंत तिनं रातोरात उभी केली ती १५९६ मधली.

मला या किल्ल्याचा तिसरा प्रसंग जास्त खरा वाटतो. त्यात शपथा आणि बाण नाहीत. १६३० ते ३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत फार मोठा दुष्काळ पडला होता. शाहजहानच्या फौजा त्याच काळात निजामशाहीवर चालून आल्या. आझमखान नावाच्या मोगल सरदारानं १६३१ च्या सुरुवातीला धारूर घेतलं. तोच आझमखान पुढं परांड्याला वेढा घालून बसला, आणि तिथून त्याला वेढा उठवून निघावं लागलं. कारण परांड्याच्या आसपास जनावरांना काडी उरली नव्हती. तोफा होत्या, माणसं होती, चारा नव्हता. बीड-धाराशिवच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. छावण्या त्यानं पाहिलेल्या असतात.

आई तटावर आली नव्हती. गुडघे. ती दरवाज्याच्या आतल्या सावलीत, पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या ओट्यावर बसली होती, आणि आम्ही परतलो तोवर तिनं एक म्हातारबाबा मिळवले होते. शेळ्या चारायला आलेले. त्यांच्याकडून तिला कळलेली माहिती अशी: किल्ल्यात पहाटे पोरं पळायला येतात, पोलीस भरतीची तयारी करायला. त्यांच्या एका नातवाचं दोन मार्कांनी हुकलं. दुसरा यंदा कारखान्याला गेला. शेळ्यांना दरीकडं जाऊ द्यायचं नाही, मागं एक पडली होती. आणि हा किल्ला कोणी बांधला, तर "पातशानं". कुठल्या, तर "तवाच्या". आईला हे उत्तर पुरेसं वाटलं. मला तासभर घसा कोरडा करून जे सांगता आलं त्यात आणि यात फरक तपशिलाचा होता, एवढंच म्हणेन.

उतरताना पुतण्या बापाला विचारत होता, इथं भगवा झेंडा का नाही. भाऊ म्हणाला, हा आपल्या राजांचा नव्हता. मी मधे पडलो नाही. पण पाथरीचा एक कुलकर्णी, विजापूरचा एक सरदार, शाहजहानचा सुभेदार आणि नंतर हैदराबादवाले, यांतलं एकेक नाव पुसत गेलं तर मराठवाड्यात बघायला उरतं काय? देवळं आणि धरणं. आमच्या किल्ल्यांना माणसं येत नाहीत ती रस्ते वाईट म्हणून येत नाहीत असं म्हणतात. रस्ता चांगला होता. माणसाला ज्याचा अभिमान वाटत नाही, तिथं तो रविवारी जात नाही.

धारूरमध्ये सीताफळांची पाटी घेतली. अंबाजोगाईला आईचं दर्शन सावकाश झालं. मुलांना हत्तीखाना लेणी दाखवली, दगडाच्या हत्तींजवळ त्यांनी तटापेक्षा जास्त वेळ काढला. मुकुंदराजांची समाधी राहिली, अंधार पडत आला होता. परळीत वैजनाथाला गाडीतूनच हात जोडले, गर्दी सणाची होती.

गंगाखेडच्या वाटेवर पुढच्या सुट्टीचा विषय निघाला. मी कंधारचं नाव काढलं. गंगाखेडवरूनच पालम, लोहा करत जाता येतं. राष्ट्रकूटांच्या काळातलं गाव, भुईकोट किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, आणि आत मलिक अंबरच्या काळातल्या खुणा, म्हणजे पुन्हा आपली निजामशाही. "आपली" म्हणालो तेव्हा आईनं नुसतं वळून बघितलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. लोह्याजवळ माळेगाव, मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा, घोडे, गाढवं, उंट. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली. "मार्गशीर्षातच चला," ती म्हणाली. भाऊ म्हणाला, डिसेंबरात रजा मिळत नाही. वहिनी म्हणाली, मुलांच्या परीक्षा असतात. मी काहीतरी कामाचं सांगितलं.

"तुम्ही तुमच्या रजा बघा," आई म्हणाली. "मला एसटीला तिकीट लागत नाही. पंचाहत्तरी झालीय माझी."